लिटल मोर्टन हॉल: हे वाकडं घर उभं कसं? (ओकचा सांगाडा, सांधे आणि डागडुजी)

गुण्या_ओळंबा

इंग्लंडमधल्या लाकडी सांगाड्याच्या घरांचा विषय निघाला की चेशर परगण्यातल्या या घराचा फोटो हमखास येतो. चहूबाजूंनी १० मीटर रुंद खंदक, वर काळ्या-पांढऱ्या नक्षीचे तीन मजले, आणि एकही रेघ ओळंब्यात नाही. मग पुढचा प्रश्नही ठरलेला: पडत कसं नाही? त्याचं उत्तर नीट मांडावं म्हणून हा धागा.

आधी बांधकामाचा क्रम, कारण वाकडेपणाचं मूळ त्यात आहे. सर्वांत जुना भाग म्हणजे मधला मोठा दिवाणखाना, ग्रेट हॉल. तो विल्यम मोर्टन या जमीनदारानं १५०४ ते १५०८ च्या सुमारास बांधला. पुढच्या पिढ्या १६१० पर्यंत भर घालत गेल्या. १५५९ मध्ये ग्रेट हॉलमध्ये मधला मजला टाकला गेला (तो पुढे काढला) आणि अंगणाकडे दोन मोठ्या बहुकोनी खिडक्या पुढे काढल्या. त्या इतक्या चिकटून आहेत की त्यांची छपरं एकमेकांना भिडतात. ही कामं रिचर्ड डेल नावाच्या सुताराची. त्यानं आपलं नाव आणि साल खिडकीवरच कोरून ठेवलंय. त्या काळच्या सुताराचं नाव असं थेट लाकडावर मिळणं विरळाच.

दक्षिणेकडची ओळ, म्हणजे प्रवेशद्वाराची बाजू, १५६० च्या दशकातली. तिच्या डोक्यावर लाँग गॅलरी आहे: ६८ फूट लांब, १२ फूट रुंद. गोची इथेच आहे. खालच्या दोन मजल्यांचं काम सुरू झाल्यावर ही गॅलरी सुचली असावी असं सांगाड्यावरून दिसतं. खालच्या खांबांची आणि गॅलरीच्या खांबांची ओळ जुळत नाही. वरचं वजन खांबावरून खांबावर सरळ उतरण्याऐवजी अनेक ठिकाणी मजल्याच्या तुळईच्या मध्यावर येतं. त्यात छप्पर कौलाचं नाही, दगडी फरशांचं.

नुसता आकडेमोडीचा अंदाज: गॅलरीचं क्षेत्र साधारण ७६ चौ.मी. उतार ४५ अंश धरला तर छपराचं क्षेत्र १०७ चौ.मी. दगडी फरशी दर चौ.मी.ला १०० किलोच्या आसपास, बऱ्याचदा जास्तच. म्हणजे नुसत्या फरशांचे ११ टन. वासे, गिलावा, बर्फ सगळं वेगळं. एवढं ओझं मजल्याच्या तुळयांवर साडेचारशे वर्षं.

---

चुनखडी

छान सुरुवात. एक भर घालते. ११ टनांनी तुळई मोडली नाही पण वाकली, यामागे ओल्या लाकडाचा स्वभाव आहे. लाकडावर कायमचं वजन ठेवलं की ते पहिल्या दिवशी वाकतं तेवढ्यावर थांबत नाही, वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतं. ताज्या ओकवर वजन ठेवून तो त्याच अवस्थेत वाळला, तर शेवटची वाक सुरुवातीच्या वाकेच्या दुप्पट-तिप्पट सहज होते. पहिल्या काही दशकांत बहुतेक काम आटोपतं. मग लाकूड त्याच आकारात कडक होऊन बसतं. आज दिसणारा झोल बराचसा जुना आहे.

---

प्रवासी_पाखरू

पण इमारतीचं लाकूड चांगलं वाळवून, मुरवून वापरतात ना? आपल्याकडे सागाच्या बाबतीत तर तसंच ऐकलंय. एवढ्या श्रीमंत माणसानं ओलं लाकूड का वापरलं असेल?

---

वाकस

@प्रवासी_पाखरू, फर्निचरसाठी वाळवतात. सांगाड्यासाठी ओक ताजाच वापरायचे, पैसा असो-नसो.

एक, ओला ओक वाकसानं आणि कुऱ्हाडीनं तासता येतो. वाळला की हत्यारंच बोथट होतात. दोन, वाळवायचा तर किती थांबणार? उघड्यावर ओक वाळायला दर २५ मिमी जाडीला साधारण एक वर्ष धरतात. ३०० मिमीच्या खांबाला दहा वर्षांहून जास्त लागतील. तीन, आणि हे महत्त्वाचं, सांधे लाकूड आटणार हे धरूनच आखलेले असतात.

ओक लांबीत जवळजवळ आटत नाही. आडव्या अंगानं आटतो, तोही सगळीकडे सारखा नाही: वर्तुळांच्या दिशेनं ७-८ टक्के, गाभ्याकडून सालीकडे ४ टक्क्यांच्या आसपास. २०० मिमी रुंद तुळई एका अंगानं १४-१५ मिमी आणि दुसऱ्या अंगानं ८ मिमी आटली, की चौकोन तिरपा होतो, पीळ पडतो, लांब चिरा जातात. पाहणारे त्या चिरांना घाबरतात. गाभ्याकडे जाणारी उभी चीर बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. चीर सांध्यातून, मेखेच्या भोकातून जात असेल तर मात्र थांबून बघायचं.

---

वाकस

मेखेचा विषय निघालाच आहे तर सांधाही सांगून टाकतो, सगळी गंमत तिथेच आहे.

मूळ सांधा साधा. एका लाकडाला खाच, दुसऱ्याच्या टोकाला कूस, म्हणजे काढलेली जीभ. कूस खाचेत घालायची आणि आरपार भोकातून ओकची मेख ठोकायची. खिळे नाहीत, सरस नाही. पण दोन्ही भोकं एका रेषेत पाडत नाहीत. आधी खाचेच्या लाकडात गिरमिटानं भोक. मग कूस आत घालून त्यावर खूण करायची, बाहेर काढायची आणि कुशीतलं भोक खुणेच्या २-३ मिमी खांद्याकडे सरकवून पाडायचं. मेख टोकाला निमुळती. ठोकली की ती वाकत वाकत आत जाते आणि कुशीला खेचून खांदा घट्ट बसवते. पुढे लाकूड आटलं तरी हा ताण सांधा सैल पडू देत नाही.

चुका कुठे होतात:

सरकवणं ५-६ मिमी झालं तर मेख तुटते, नाहीतर कुशीचं टोक फाटतं. मेख करवतीनं कापलेली असेल तर रेषा तिरक्या निघतात आणि ती ठोकतानाच मोडते. मेख लाकूड फोडून, रेषेच्या दिशेनंच काढायची आणि सांगाड्यापेक्षा वाळलेली हवी. आणखी एक, मेखेचं शेपूट आतून एक-दोन इंच बाहेर ठेवतात. ती कापून साफ केली की दिसायला बरं, पण पुढे सांधा ढिला झाला तर ठोकायला काही उरत नाही.

---

गुण्या_ओळंबा

@वाकस, खांबाच्या माथ्याचा सांधाही लिहा ना. इंग्लिश सांगाड्याचा खरा कस तिथे लागतो.

---

वाकस

बरोबर. तिथे चार लाकडं एका जागी येतात: खांब, भिंतीच्या माथ्यावरची लांब पट्टी, घराच्या रुंदीभर जाणारी आडवी तुळई आणि वासा.

एवढ्या सांध्यांना खांबाच्या माथ्यावर जागा पुरत नाही. म्हणून खांब उलटा उभा करायचे, झाडाचा बुंधा वर आणि शेंडा खाली! बुंध्याकडची रुंदी आतल्या बाजूला ठेवून माथा बंदुकीच्या दस्त्यासारखा फुगीर ठेवायचा. त्यावर दोन कुशी: बाहेरची ठेंगणी, भिंतपट्टीत जाणारी, आतली उंच, आडव्या तुळईत जाणारी. तुळईच्या टोकाला खालून पारव्याच्या शेपटीसारखी खाच, ती भिंतपट्टीवर बसते. वासे भिंती बाहेर ढकलतात आणि ही शेपटी त्यांना धरून ठेवते.

कमकुवत दुवा तीच शेपटी. ती आडव्या अंगानं आटते, बाजू खाचेपासून सुटतात आणि तुळई सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर सरकते. तेवढ्यानं भिंतीचा माथा बाहेर झुकतो. अशा घरांत जुने लोखंडी पट्टे नेमके याच कोपऱ्यात दिसतात ते उगाच नाही.

---

चुनखडी

आणि लाँग गॅलरीत नेमकी तीच अडचण. छत मोकळं दिसावं म्हणून कमानीसारख्या वाकड्या लाकडांवर छप्पर तोललं. डोक्यावरून जाणाऱ्या आडव्या तुळया पाहुण्यांना मूळच्या वाटतात, पण त्या नंतरच्या आहेत. भिंती बाहेर सरकू लागल्यावर घातलेल्या. १८९२ मध्ये घर एलिझाबेथ मोर्टन या जोगिणीकडे आलं तेव्हा ते जवळपास मोडकळीला आलेलं होतं. गॅलरी सावरायला आत लपवलेल्या पोलादी सळ्या बहुधा तिच्याच काळातल्या.

जाता जाता: गॅलरीच्या एका टोकाच्या गिलाव्यात नशिबाचं चाक कोरलंय आणि दुसऱ्या टोकाला नियती. छपराखाली उभं राहून ते बघताना हसू येतं.

---

कडीपाट

वाचतोय. एक शंका. वाड्यांतही सागाचा सांगाडाच असतो: खांब, तुळया, वर कडीपाट. घर मोजायचंही खणांतच, जसं इंग्लंडमध्ये बे मोजतात. पण या इंग्लिश घरांत खांबापासून आडव्या लाकडापर्यंत तिरकी लाकडं लावलेली दिसतात, तसे तिरके आधार वाड्यात कधी दिसत नाहीत. मग ते नुसते शोभेचे म्हणायचे का?

---

गुण्या_ओळंबा

शोभेचे नाहीत, निदान सगळे नाहीत. वाड्याचे खांब दगडी तळखड्यावर उभे असतात आणि आडवा धक्का बऱ्याच अंशी जाड विटा-मातीच्या भिंती घेतात. इंग्लिश घरात भिंत म्हणजे चार-पाच इंचांचा भराव. तो काहीच तोलत नाही. त्यामुळे सांगाड्याचा चौकोन तिरपा होऊ नये म्हणून प्रत्येक कोपऱ्यात तिरकं लाकूड हवंच.

लिटल मोर्टनमध्ये दोन्ही आहेत. खांबापासून पट्टीपर्यंत जाणारी, कूस आणि मेख असलेली लांब तिरकी लाकडं कामाची. चौकटींत भरलेली शंकरपाळ्यासारखी, माशाच्या काट्यासारखी आणि चार पाकळ्यांची नक्षी बरीचशी श्रीमंतीची. ओक किती ओतला हे दाखवायचं. उभी लाकडं जवळजवळ रोवायची पद्धतही त्याच कारणाची. तेवढ्या लाकडात दुसरं घर झालं असतं.

मजला खालच्या भिंतीच्या पुढे काढण्यातही शोभा आणि काम दोन्ही आहे. पुढे आलेल्या टोकावर वरची भिंत उभी राहिली की मजल्याचं मधलं अंग थोडं उचललं जातं. मजला दोन बाजूंनी पुढे काढायचा असेल तर कोपऱ्यात एक जाड तिरकी तुळई लागते, आणि दोन्ही बाजूंच्या कड्या तिच्यात येऊन अडकतात. ती कुजली की कोपरा बसतो. वर कितीही रंगरंगोटी करा.

---

प्रवासी_पाखरू

खूप शिकायला मिळतंय. हे लाकूड जुन्या जहाजांचं असतं, असं एका वाटाड्याकडून ऐकलं होतं. रिकाम्या खाचा दिसतात, त्या जहाजाच्या म्हणे.

---

वाकस

इंग्लंडच्या प्रत्येक जुन्या घराला हे जहाज चिकटवलेलं असतं, समुद्र कितीही लांब असला तरी! जहाजाची लाकडं वाकडी आणि खिळ्यांनी चाळण झालेली. त्यातून सरळ खांब काढणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. रिकाम्या खाचा बहुतेक वेळा काढून टाकलेल्या भिंतीच्या, बुजवलेल्या खिडकीच्या, नाहीतर दुसऱ्या घरातून आणलेल्या लाकडाच्या असतात.

बघायचंच असेल तर सुताराच्या खुणा बघा. सांगाडा आवारात जमिनीवर मांडून, जुळवून, परत सुटा करून गाडीनं जागेवर नेत. म्हणून प्रत्येक सांध्याच्या दोन्ही लाकडांवर एकच रोमन आकडा खरवडलेला असतो. चार म्हणजे चार उभ्या रेघा, नऊ म्हणजे पाच आणि चार रेघा. वजाबाकीचा आकडा टाळायचे, नाहीतर लाकूड उलटं धरलं की चाराचा सहा होतो. आकड्यांचा क्रम तुटला असेल तर तिथलं लाकूड कधीतरी बदललंय असं समजायचं.

---

चुनखडी

भरावाबद्दल कोणी लिहिलं नाही, तर मीच लिहिते. हा आपल्या कोकणातल्या कुडाचा सख्खा भाऊ. आपल्याकडे कारवी किंवा बांबू, तिकडे ओकच्या चिपा आणि हेझलच्या काठ्या. लिंपण मात्र तेच: चिकणमाती, शेण, चिरलेला पेंढा.

क्रम असा. चौकटीच्या वरच्या लाकडाला खालून गिरमिटानं भोकांची रांग, खालच्या लाकडाला वरून सलग खोबण. उभी चिप वर भोकात घालायची, किंचित वाकवायची आणि खाली खोबणीत सरकवून बसवायची. खिळा लागत नाही. मग काठ्या आडव्या विणायच्या. उभी लाकडं फार जवळ असतील तर उलटं: आखूड चिपा आडव्या, विणकाम उभं.

लिंपण दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, दोन माणसांनी, म्हणजे विणीतून माती एकमेकींत घट्ट बसते. एकाच बाजूनं थापलं तर दुसरीकडून गळून पडतं. माती जास्त झाली तर भेगा, कमी झाली तर भुगा. ठरावीक प्रमाण कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्याच जागेची माती घेऊन विटेएवढे तीन-चार नमुने थापून वाळवा आणि मग ठरवा. जुनं लिंपण पडलं असेल तर ते फेकू नका, भिजवून परत वापरता येतं.

वाळल्यावर चौकटीच्या कडेनं ५-१० मिमीची फट पडणार, ती परत भरायची. वरून चुन्याचा पातळ गिलावा. तो लाकडाच्या पृष्ठाशी समपातळीत किंवा किंचित आत. गिलावा लाकडाच्या पुढे आला तर खालच्या कडेवर पाणी साचतं.

आणि सिमेंट नको. हे चार वेळा लिहायला हवं. सिमेंट लाकडाबरोबर हलत नाही, कडेला केसाएवढी भेग पडते, पाऊस आत शिरतो आणि बाहेर यायला वाट नाही. चुन्याच्या गिलाव्यातून ते वाळून गेलं असतं. सिमेंटमागे ओक काही वर्षांत भुसभुशीत होतो, आणि बाहेरून भिंत टकाटक दिसत असते.

---

कडीपाट

म्हणजे काळा-पांढरा रंग मूळचाच? तो तर डांबरासारखा जाड दिसतो.

---

चुनखडी

मूळचा नाही. ओक उघडा ठेवायचे, तो उन्हापावसानं रुपेरी करडा व्हायचा. भराव पिवळट गेरूच्या रंगाचा. काळ्या-पांढऱ्याची ही टोकाची हौस व्हिक्टोरियन काळातली. डांबर आणि जाड रंगामुळे लाकडाच्या चिरांत शिरलेलं पाणी आतच राहतं. अलीकडच्या डागडुजीत इथे नवी बसवलेली लाकडं मुद्दाम न रंगवता ठेवलीत, त्यामुळे काळ्यांमध्ये मध्येच करडे तुकडे दिसतात. काहींना ते ठिगळ वाटतं. मला प्रामाणिक वाटतं.

जुना काळा रंग काढायला वाळूचा मारा करू नये. मऊ भाग उडून जातो, कडा गोल होतात, हत्यारांच्या खुणा आणि ते रोमन आकडे कायमचे पुसले जातात.

---

गुण्या_ओळंबा

आता डागडुजी. हे घर १९३८ पासून जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. १९७७ मध्ये दक्षिण ओळीच्या छपराच्या फरशा ढिल्या झाल्याचं लक्षात आलं आणि सहा टप्प्यांत सांगाड्याचं काम हाती घेतलं गेलं. इथली बारीकसारीक कागदपत्रं बाजूला ठेवून अशा घरांत काम कसं करतात ते सांगतो.

पहिली जागा पायातली तुळई. सांगाडा दगडी जोत्यावर बसतो, पण दोन-तीनशे वर्षांत बाहेरची जमीन आणि फरसबंदी चढत जाते. जोतं बुडतं आणि तुळई मातीला टेकते. मग खांबाची कूस ज्या खाचेत बसलीय तीच पाण्याचा वाडगा होते. आधी जमीन खाली घ्यायची, पन्हळी नीट करायच्या, मगच लाकडाला हात.

उचलताना स्क्रू जॅक. फक्त वजन सुटेपर्यंत, काही मिलिमीटर. सरळ करायच्या मोहात कोणी पडू नये. चारशे वर्षं वाकड्या अवस्थेत वाळलेल्या सांगाड्याला ओळंब्यात आणायला गेलात की मेखा कातरल्या जातात, कुशी फाटतात, गिलावा आणि काचा जातात.

कुजलेला भाग तेवढाच कापायचा, चांगलं लाकूड लागेपर्यंत, आणि स्कार्फ जोड देऊन नवा ओक लावायचा. तुकडा लांबीच्या दिशेनं एकमेकांवर चढलेला हवा. नुसता टोकाला टोक लावला तर वाक सोसत नाही. बोल्ट लागलेच तर स्टेनलेस. ओकमधलं टॅनिन साध्या लोखंडाला खातं आणि लाकडावर निळे-काळे ओघळ पाडतं.

---

वाकस

+१. फक्त नव्या लाकडाबद्दल एक. जुन्या, वाळलेल्या सांगाड्यात पूर्ण ओला तुकडा घातला तर तो एकटाच आटतो आणि जोडाला फट पडते. शक्य तिथे हवेवर वाळलेला किंवा जुना ओक. आणि इपॉक्सीनं (कडक होणाऱ्या रासायनिक लांबीनं) पोकळी भरणं शेवटचा उपाय. लाकूड हलतं, इपॉक्सी हलत नाही, सांध्याच्या मागे ओल अडते.

---

प्रवासी_पाखरू

किडीचं काय? भुंगेरा लागला की फवारणी करत असतील ना?

---

चुनखडी

ओकचा मुख्य शत्रू डेथवॉच भुंगेरा. वसंतात टकटक आवाज करतो म्हणून हे नाव. बाहेर पडायचं भोक साधारण ३ मिमी. त्याच्या अळ्या आत दहा वर्षंही राहतात, तेव्हा वरवरच्या फवाऱ्यानं त्यांना काही होत नाही. ही कीड लागते ती ओल आणि बुरशीनं आधीच नरम झालेल्या लाकडाला. म्हणून आधी गळती बंद करायची. ओल २० टक्क्यांखाली आली की कुजणं थांबतं, आणखी वाळलं की भुंगेऱ्यालाही राहवत नाही. सुई घुसवून ओल मोजायचं यंत्र फवाऱ्यापेक्षा जास्त उपयोगी. भोकं जुनी की चालू, हे ओळखायला खाली कागद चिकटवून ठेवायचा आणि पुढच्या उन्हाळ्यात ताजा भुगा पडलाय का ते बघायचं. सालीलगतचं कच्चं लाकूड आधी जातं, गाभा बहुतेक शाबूत असतो. पृष्ठभाग चाळणीसारखा दिसला म्हणून तुळई बदलायला सांगणाऱ्याला आधी गाभा तपासायला लावा.

---

कडीपाट

साल कसं ठरवतात? कोरलेलं १५५९ सगळीकडे थोडंच असणार.

---

वाकस

वर्तुळं मोजून. पोकळ गिरमिटानं लाकडातून पेन्सिलीएवढी कांडी काढायची आणि वर्तुळांच्या जाड-बारीक क्रमाची ओळख पटवायची. निदान पन्नासेक वर्तुळं तरी हवीत. सालीलगतचं कच्चं लाकूड शाबूत असेल तर तोडीचं सालच नव्हे, हंगामही कळतो. ते तासून काढलेलं असेल तर इंग्लिश ओकसाठी ९ ते ४१ वर्तुळं गेली असं धरून अंदाजी पल्ला देतात. आणि लाकूड ओलंच वापरत असल्यानं तोडीचं साल आणि बांधकामाचं साल फार दूर नसतं. ते जहाजवाले इथेही तोंडघशी पडतात.

---

गुण्या_ओळंबा

खिडक्या राहिल्या. या घरात सुमारे ३०,००० छोटी काचतावदानं आहेत, शिशाच्या पन्हळी पट्ट्यांत बसवलेली, चौकोन, शंकरपाळी, वर्तुळं, त्रिकोण. सांगाडा एवढा हलूनही बऱ्याच जुन्या काचा टिकल्यात त्या शिशामुळे. शिसं मऊ, चौकट तिरपी झाली की तेही तिरपं होतं. पण तेच शिसं स्वतःच्या वजनानं खाली बसतं आणि तावदान फुगतं. म्हणून आडव्या सळ्या लावून तांब्याच्या तारेनं शिसं बांधलेलं असतं. ही तार तुटलेली दिसली की ती आधी बांधायची. फुगलेलं तावदान दाबून सपाट करायचं नाही, काचा फुटतात. चौकटीतून अलगद उतरवून टेबलावर आडवं ठेवायचं आणि शिसं नव्यानं ओढायचं.

@प्रवासी_पाखरू, प्रत्यक्ष गेलात तर अंगणात उभं राहून दक्षिण ओळीची वरची खिडकीपट्टी आणि मधल्या मजल्याची पट्टी यांच्यातलं अंतर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नजरेनं मोजत जा. जिथे ते कमी-जास्त होतं, तिथे खाली बघा: खांब आहे की नुसती तुळई.